मुद्दा बरोबर, तरी ठराव पडतो: बिघाड कुठे शोधायचा?

लक्षण असं. मुद्दा बरोबर असतो, आकडे तयार असतात, नियम आपल्या बाजूने असतो, सभेत आपण बोलतोही बरं. आणि हात वर करायची वेळ आली की समोरचे अर्धे लोक मोबाईलमध्ये डोकं घालतात. ठराव पुढच्या वर्षावर. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीत हे सलग तीन वर्षं झालं. तळमजला अधिक चार मजले, वीस फ्लॅट, लिफ्ट एक. ती इमारतीच्याच वयाची, जाळीच्या सरकत्या दरवाजाची. ती बदलायची, एवढाच विषय. सचिव मी. कॉलेजात असताना वादविवाद स्पर्धांचे चार करंडक आणलेत, ते अजून शोकेसमध्ये आहेत. दर सप्टेंबरात सभा आटोपून घरी आलो की बायको त्यांच्याकडे एकदा बघते आणि काही न बोलता चहा टाकते.

चौथ्या वर्षी ठराव मंजूर झाला. मधल्या काळात काय तपासलं आणि बिघाड कुठे सापडला ते लिहून ठेवतोय. सोसायटीच्या जागी पालकसभा घ्या, ऑफिसातली मीटिंग घ्या किंवा घरात लग्नाच्या हॉलवरून चाललेली चर्चा घ्या, दुखणं तेच असतं.

आधी जे करून पाहिलं

पहिल्या वर्षी आकडे. नवी लिफ्ट दहा लाख, दुरुस्ती निधीतून चार, उरलेले सहा लाख वीस जणांत, म्हणजे प्रत्येकी तीस हजार. जुन्या लिफ्टवर पाच वर्षांत झालेला खर्च रकान्यांत मांडून प्रत्येकाच्या हातात कागद दिला. सगळ्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. "बघू या." विषय संपला.

दुसऱ्या वर्षी नियम. तळमजल्यावरचे काका उठले. "आम्ही लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही. तीस हजार कशाबद्दल?" मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. आदर्श उपविधी उघडून वाचून दाखवला: लिफ्टच्या देखभालीचा नि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सदस्यांनी सारखा वाटून घ्यायचा, कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. स्पर्धा असती तर इथे घंटा वाजली असती आणि मला पाच गुण जास्त मिळाले असते. काका शांतपणे म्हणाले, "वाचलंत? छान. आता हे सांगा, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला कोटेशन एकच का आलं होतं?"

मी म्हणालो, "तो आजचा विषय नाही."

कार्यवृत्तात हे वाक्य नाही, पण ठराव याच वाक्याला पडला. ते कळायला मला आणखी दीड वर्ष लागलं.

तिसऱ्या वर्षी भीती. लिफ्टचा दोर कधीही तुटेल, लिफ्ट खाली कोसळेल, लहान मुलं आत असतील, असं बरंच बोललो. आवाजही चढवला. तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर गृहस्थ एरवी सभेत तोंड उघडत नाहीत, त्यांनी त्या दिवशी उघडलं. म्हणाले, १८५४ मध्ये न्यू यॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात लिफ्टचा सुरक्षा-ब्रेक बनवणारा एलिशा ओटिस उघड्या फलाटावर उभा राहून वर गेला आणि त्याने सगळ्यांदेखत दोर कापायला लावला. फलाट थोडासा घसरला आणि जागीच अडकून राहिला. "लिफ्टला तेव्हापासून सेफ्टी गिअर असतो, सचिवसाहेब. आपल्या लिफ्टलाही आहे." सगळे हसले. त्यानंतर मी जे काही खरं बोललो, तेही कोणी खरं धरलं नाही.

ओटिसची ती गोष्ट नंतर बरेच दिवस डोक्यात राहिली. आपला ब्रेक किती चांगला आहे यावर त्याला तासभर बोलता आलं असतं. लोकांना नेमकी ज्याची भीती होती, तेच त्याने त्यांच्यासमोर करून दाखवलं. मी उलटं केलं होतं. जी भीती कोणाला नव्हती, ती शब्दांनी तयार करायला गेलो होतो.

पहिली तपासणी: भांडण नक्की कोणत्या प्रश्नावर आहे?

लिफ्टचा मेकॅनिक आला की मोटरला हात लावायच्या आधी प्रत्येक मजल्यावरची जाळी एकदा उघडून बंद करून बघतो. दहापैकी आठ वेळा मोटर ठणठणीत असते. कुठल्यातरी मजल्यावर दरवाजा पूर्ण लागलेला नसतो, तिथला कॉन्टॅक्ट जुळत नाही, म्हणून लिफ्ट हलत नाही. मी तीन वर्षं मोटर बदलत होतो.

ग्रीक वक्तृत्वशास्त्रात यासाठी एक जुनी तपासणी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या हर्मागोरसने ती मांडली आणि पुढे रोमन वकिलांनी ती रोजच्या वापरात आणली. कुठलाही वाद चारांपैकी एका जागी अडलेला असतो. गोष्ट घडली आहे की नाही? घडली असेल तर तिला म्हणायचं काय? ती कितपत बरी-वाईट, क्षम्य की अक्षम्य? आणि याचा निवाडा करायचा हक्क यांना, इथे, या पद्धतीने आहे का?

कोर्टातलं उदाहरण सोपं पडतं. त्याने पैसे घेतले का? घेतले, पण ती चोरी की उसनवारी? चोरीच, पण मुलाच्या औषधासाठी केलेली. तेही असू दे, पण हा खटला या कोर्टात चालतो का? ज्या पायरीवर प्रतिपक्ष उभा आहे त्याच पायरीवर आपण उभं राहायला हवं. तो चौथ्या पायरीवरून बोलत असताना आपण पहिलीवरून पुरावे फेकत राहिलो, तर एकही त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि आपल्याला मात्र आपण जिंकतोय असं वाटत राहतं.

ही चाळणी मी आमच्या तीन सभांना लावून पाहिली. लिफ्ट जुनी झाली आहे का, यावर वाद कोणाचाच नव्हता. काकासुद्धा म्हणायचे, "खटारा झालाय." पहिल्या वर्षीचे माझे सगळे रकाने अशा प्रश्नाचं उत्तर होते, जो कोणी विचारलाच नव्हता. नियम काय सांगतो, यावरही वाद नव्हता. काका चाळीस वर्षं सरकारी नोकरीत होते, उपविधी त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. त्यांचा प्रश्न चौथा होता: ज्या समितीने गच्चीचं काम एका कोटेशनवर दिलं, तिच्या हातात आणखी दहा लाख का द्यायचे? "आम्ही लिफ्ट वापरत नाही" हा त्या प्रश्नाचा नुसता दरवाजा होता. मी दरवाजाशीच हुज्जत घालत बसलो.

हे ओळखायचं कसं? माझी एक खूण आहे, ती बहुतेक वेळा लागू पडते. समोरच्याच्या आक्षेपाला पूर्ण, बिनतोड उत्तर द्या आणि बघा तो काय करतो. उत्तर मिळाल्यावर तो गप्प झाला किंवा "असं होय" म्हणाला, तर वाद त्याच जागी होता. उत्तर मिळताक्षणी त्याने दुसराच आक्षेप काढला, तर पहिला आक्षेप खरा नव्हता, आणि दुसरा बहुधा आहे. काकांनी "वाचलंत? छान" म्हटलं तिथेच मला कळायला हवं होतं.

दुसरी खूण म्हणजे आपल्याच तोंडून निघालेलं "तो आजचा विषय नाही" हे वाक्य. ते निघालं की समजा, विषय तोच आहे.

दुसरी तपासणी: बोलताय कोणाशी?

चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी यावर बराच मजकूर आहे, आणि तो औषधांइतकाच कामाचा आहे. चर्चा दोन प्रकारची. संधाय संभाषा म्हणजे सलोख्याने, एकमेकांचं ज्ञान वाढावं म्हणून केलेली. विगृह्य संभाषा म्हणजे कुस्ती. पण मला पटला तो पुढचा भाग. तोंड उघडण्याआधी स्वतःला जोखा, समोरच्याला जोखा आणि परिषद जोखा, म्हणजे ऐकायला बसलेली मंडळी. ही परिषद जाणकारांची असेल नाहीतर अजाण लोकांची. दोन्हींतही तीन तऱ्हा: सुहृद्, म्हणजे आपली माणसं, उदासीन, म्हणजे कोणाच्याच बाजूची नसलेली, आणि प्रतिनिविष्ट, म्हणजे आधीच विरोधात बसलेली.

आमच्या वीस घरांची मी यादी केली. काहीही झालं तरी हो म्हणणारे सहा, सगळे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे. काहीही झालं तरी नाही म्हणणारे चार. उरलेले दहा उदासीन. तीन वर्षांतली माझी सगळी भाषणं कोणाला उद्देशून होती? त्या चौघांना. त्यातही एकट्या काकांना. माझी त्यांच्याशी जुगलबंदी चालू असताना हे दहा जण नाटक बघावं तसं बघत होते, आणि नाटक बघणारा माणूस मत देत नाही.

हा वादविवाद स्पर्धेचा जुना रोग आहे. स्पर्धेत प्रतिपक्षाला निरुत्तर केलं की परीक्षक गुण देतात. सभेत परीक्षकच नसतो. काका निरुत्तर झाले की त्या दहांपैकी निम्म्यांना काकांची दया यायची. वयस्क माणूस, त्याला चारचौघांत गप्प केलं. माझ्या प्रत्येक बिनतोड उत्तराने माझंच एखादं मत जात होतं.

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, याला नावं आहेत. सत्य कळावं म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहणं म्हणजे वितंडा. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे वितंडेचं माहेरघर. तिथे कुठलाही ठराव आगाऊ टाकू नये, हे मी अनुभवाने सांगतो. 'नको' म्हणायला एक अंगठा पुरतो, 'हवं' म्हणायला परिच्छेद लागतो.

उदासीन दहांकडे मी घरी गेलो. एकेका घरी दहा-पंधरा मिनिटं, चहाला नाही म्हणायचं नाही, कागद न्यायचा नाही. एकच प्रश्न: "लिफ्टच्या ठरावाला तुमचं अडतंय कुठे?" आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं मला सर्वात जड गेलं. दहापैकी सहा घरांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. दोन घरं भाड्याने दिलेली होती, मालकांना आपल्या पैशाने भाडेकरूची सोय करायची नव्हती. एका घरात तीस हजार एकदम देण्याची खरंच अडचण होती आणि ती सभेत बोलून दाखवण्यासारखी नव्हती. शेवटच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, आजी म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नाही रे आजवर."

तिसरी तपासणी: साखळीत कुठली कडी गळली?

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण लोक इथे फार चुकतात. मीही चुकलो.

नैयायिकांचं, म्हणजे त्याच न्यायशास्त्राच्या पंडितांचं, अनुमान पाच पायऱ्यांचं असतं. नेहमीचं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतोय, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन.

यातली चौथी पायरी, उपनय, आपण नेहमी खाऊन टाकतो. वाटतं, हे तर उघडच आहे, पुन्हा कशाला सांगायचं? तिसऱ्या वर्षी मी दुसऱ्या इमारतींतल्या अपघातांच्या बातम्यांची कात्रणं वाचून दाखवली. उदाहरणं झाली. पण आमच्या लिफ्टशी त्यांचा सांधा कुठे जुळतो हे सांगितलंच नाही. इंजिनिअर गृहस्थांनी नेमकं तिथे बोट ठेवलं: तिथे धूर आहे, इथे कुठे आहे?

म्हणून चौथ्या वर्षी फक्त आमचाच धूर गोळा केला. वॉचमनला एक शंभर पानी वही दिली. लिफ्ट अडकली की तारीख, वेळ, मजला आणि आत कोण होतं, एवढं लिहायचं. फेब्रुवारी ते ऑगस्ट, सात महिन्यांत ४१ नोंदी झाल्या. त्यातल्या १७ नोंदी एकट्या दुसऱ्या मजल्याच्या, कारण तिथे लिफ्ट मजल्याच्या बरोबरीने थांबतच नाही, चार बोटं खाली थांबते. मी तिथे आजींच्या काठीचा फोटो काढला. काठीचं रबरी टोक लिफ्टच्या फरशीवर, आजींचा पाय अजून बाहेर, मध्ये ती चार बोटांची पायरी. दोर तुटेल, जीव जाईल, यातलं काहीच म्हणायची गरज उरली नाही.

युक्तिवाद, भावना आणि बोलणाऱ्याची पत, असे पटवण्याचे तीन मार्ग अ‍ॅरिस्टॉटलने सांगितले, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. सगळीकडे लिहिलेलं नसतं ते हे, की पत ही बाकी दोघांची तारण असते. ती बुडाली की चांगला युक्तिवाद चलाखी वाटतो आणि खरी कळकळ नाटक वाटते. माझी पत गच्चीवरच गळत होती.

पत दुरुस्त करताना

मराठी माणसाने यासाठी महात्मा फुल्यांचं १८८२ सालचं हंटर शिक्षण आयोगापुढचं निवेदन बघावं. काय मागितलं ते आपल्याला माहीत असतं: प्राथमिक शिक्षण एका वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचं करा. कसं मागितलं ते बघण्यासारखं आहे. सुरुवातीलाच ते सांगतात, की शिक्षणाचा माझा अनुभव मुख्यतः पुणे आणि आजूबाजूच्या गावांपुरता आहे. मग आपण काढलेल्या शाळांबद्दल सांगतात. म्हणजे आधी स्वतःच्या दाव्याला स्वतःच कुंपण घातलं. ज्याने कुंपण घातलं, त्याचा आतला शब्द खरा धरावाच लागतो. पुढे सरकारशी ते सरकारच्याच हिशोबात बोलतात: महसुलाचा मोठा भाग येतो रयतेच्या कष्टातून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरचे शिकले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा सरकारचाच सिद्धांत, आणि तसं काही झालेलं नाही हे ते त्याच सिद्धांताच्या कसोटीवर दाखवतात. आयोगाने तेवढ्यावर सगळं मान्य केलं असं नाही. पण ते निवेदन एकशे चाळीसहून अधिक वर्षांनंतरही खोडून काढता येत नाही.

मी सभेच्या विषयपत्रिकेत लिफ्टच्या आधी एक विषय घातला: गच्चीच्या कामाचा हिशोब. तो मीच मांडला. कोटेशन एकच होतं, ते चुकलं, पावसाळा तोंडावर होता म्हणून घाई केली, आणि ती घाई टाळता आली असती. बिलं टेबलावर ठेवली. समितीतल्या दोघांना हे आवडलं नाही, "आपणच आपल्या हाताने कशाला?" म्हणाले. सभेत यावर दहा मिनिटं बोलाचाली झाली. मग मात्र तो विषय संपला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा लिफ्टचा विषय लिफ्टबद्दल राहिला.

ठरावाचा मजकूर

हा भाग अगदी जवळून दाखवतो, कारण बिघाड पुष्कळदा वाक्यातच असतो.

आधीच्या तीन वर्षांचा ठराव: "सर्वानुमते ठरले की जुनी लिफ्ट बदलून नवीन लिफ्ट बसविण्यात यावी व त्याकरिता येणारा खर्च सर्व सदस्यांनी समान भरावा. पुढील कार्यवाहीचे सर्व अधिकार व्यवस्थापक समितीस देण्यात येत आहेत."

शेवटचं वाक्य बघा. ज्या माणसाचा आक्षेपच समितीच्या अधिकाराला आहे, त्याच्यापुढे आम्ही दरवर्षी हे वाढत होतो. आणि वर, मत व्हायच्या आधीच "सर्वानुमते ठरले".

चौथ्या वर्षीचा: "लिफ्ट बदलण्यासाठी किमान तीन कोटेशन मागवावीत. ती सर्व सदस्यांसमोर उघडावीत. निवड तीन सदस्यांच्या उपसमितीने करावी, त्यात व्यवस्थापक समितीचा एकच सदस्य असावा. वर्गणी कमाल ३०,००० रुपये, सहा हप्त्यांत."

हप्त्यांमुळे त्या एका घराची अडचण कोणाला न कळता सुटली. घर भाड्याने दिलेल्या दोघांना मी फोनवर एवढंच विचारलं, की भाडेकरू सोडून गेला तर चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट बंद लिफ्टसह किती दिवस रिकामा राहील? त्यांनी स्वतःच हिशोब केला. माझ्यापेक्षा कडक केला.

सभेला १७ जण. मी चार मिनिटं बोललो, त्यातली दोन वही वाचण्यात गेली. बाजूने १२, विरोधात ४, एक तटस्थ. काकांनी विरोधातच मत दिलं. तत्त्वाचा प्रश्न, म्हणाले. मग उपसमितीसाठी नावं विचारली तेव्हा पहिला हात त्यांचाच. तिन्ही कोटेशनं त्यांनी लाल पेनाने तपासली आणि एका कंपनीने जीएसटी दोनदा लावला होता, तो त्यांनीच पकडला.

तरीही अडलं तर

दोनच गोष्टी. समोरचे खरंच फक्त वितंडा करत असतील, तर चर्चा वाढवू नका, मतदान घ्या. आणि प्रश्न पहिल्या पायरीवर अडलेला असेल, म्हणजे वस्तुस्थितीच कोणाला नीट माहीत नसेल, तर वक्तृत्व बाजूला ठेवून आधी मोजा.

आमचा सौर पॅनेलचा ठराव सध्या तिथेच आहे. शेजारची नवी इमारत सात मजल्यांची, तिची सावली दुपारनंतर आमच्या गच्चीवर येते. मी म्हणतो ऊन पुरेसं आहे, इंजिनिअर गृहस्थ म्हणतात नाही. दोघांपैकी कोणीच मोजलेलं नाही. वॉचमनची ती शंभर पानी वही अर्धी कोरी आहे. सोमवारपासून दर तासाला गच्चीवर खडूने सावलीची रेघ मारायची आणि वहीत वेळ लिहायची, असं ठरलंय. खडू काका आणणार आहेत.